भावाच्या दप्तरातला कोयता

माझ्या भावाला शाळेनं धोकादायक ठरवलं, हे मला फोनवर कळलं. नगरला कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर मी डबा उघडून बसले होते. फोन आप्पांचा होता. आप्पा म्हणजे माझे चुलते. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा मनात आई-वडीलच आले. दोघं सोनईकडे ऊसतोडीला गेलेले. फडात साप निघतो, उसाची ट्रॉली कलंडते, काहीही होतं.

"कोयता घावला त्याच्या दप्तरात," आप्पा म्हणाले. "पोराला तोडनार हुता म्हनं. सर म्हनत्यात, दाखला घेऊन जा. बाप तर हितं न्हाई. तूच ये. तू शिकलेली हायेस."

शिकलेली म्हणजे समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे बँक, तहसील, दवाखाना, कुठंही बोलायचं असलं की मला पुढं करतात. मला मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरायचं म्हटलं तरी अजून तळहाताला घाम येतो. हे आप्पांना सांगून उपयोग नव्हता. डबा बंद केला आणि माळीवाडा स्टँडवर गेले.

पाथर्डीच्या एसटीत बसल्यावर मला आमच्या मॅडमचा तास आठवत राहिला. त्या सत्रात आम्हाला मुलांमधल्या हिंसेबद्दल शिकवलं होतं. मॅडम म्हणायच्या, मूल धोकादायक आहे का, असा प्रश्नच करू नका, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. ते कुणाला काय म्हणालं, कशामुळे म्हणालं, त्याच्या हातात काय आहे, आधी काय घडलंय, त्याच्याजवळ कोण आहे आणि काय केलं तर हे टळेल, असं विचारा. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. चांगले मार्क पडले होते. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शहरातली मुलं होती. आपल्या घरातलं पोर असं कागदावर मांडायचं असतं, हे डोक्यात आलंच नव्हतं.

तो कोयता घरात कसा आला, ते सांगायला हवं. आमच्याकडे खंडेनवमीला कोयत्यांची पूजा होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत गावातली अर्धी माणसं ट्रॅक्टरवर बसून तोडीला जातात. यंदा पाटावर आई-वडिलांच्या कोयत्यांशेजारी एक छोटा कोयता होता. वडिलांनी तो लोहाराकडून भावासाठी करून घेतला होता. "पुढल्या साली लागंल," म्हणाले. आईनं त्यावरही हळदकुंकू वाहिलं. मी तेव्हा सुट्टीला घरी होते. मला राग आला होता, पण पूजेच्या वेळी काय बोलायचं म्हणून गप्प बसले. भाऊ मात्र खूश होता. नववीतल्या पोराला स्वतःच्या नावाची वस्तू मिळाली होती.

आई-वडील तोडीला गेल्यावर तो आप्पांकडे राहायला लागला. शाळा सुटली की वाटेतच आप्पांच्या गायीसाठी बांधावरचं गवत कापायचं आणि भारा घेऊनच घरी यायचं, असं ठरलेलं. त्यामुळे कोयता रोज दप्तरातच असायचा. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. शिपाई तर त्याला हाक मारून म्हणायचा, "आरं, आमच्या शेळीलाबी दोन मुठी टाक की."

मी पोचले तेव्हा तो गोठ्यात होता. कोयता शाळेत जमा, म्हणून कडब्याची ताटं गुडघ्यावर मोडत होता. माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"काय म्हणालास तू त्याला?" मी विचारलं.

"म्हनलो."

"काय पण?"

"बुडातून तोडीन म्हनलो."

ऊस बुडातून तोडायचा असतो. वर खुंट राहिला की मुकादम ओरडतो. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी गोळा करून कारखान्याला नेणारा माणूस. आमची पोरं फडात वाढतात, तिथं दिवसभर हेच कानावर पडतं. त्यांच्या भांडणातही तेच येतं. भाऊ हे ज्याला म्हणाला, तो आमच्याच मुकादमाचा मुलगा. दोघं पहिलीपासून एका वर्गात, एका बॅटनं खेळलेले.

"कशावरून?"

तो कडबा मोडत राहिला. मी तिथंच दगडावर बसले. मॅडमनी गप्प बसायलाही शिकवलं होतं, पण ते वर्गात सोपं वाटतं. इथं गाय शेपटी मारत होती, आप्पा दारातून दोनदा डोकावून गेले, आणि मला सारखं काहीतरी बोलावंसं वाटत होतं.

शेवटी तो म्हणाला, "आप्पाच्या फोनमधी हाय. बघ जा."

आप्पांनी फोन द्यायला खळखळ केली. "तुला कशाला दावायचं म्हनून ठिवलं हुतं," म्हणाले. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला तो व्हिडिओ होता. उसाचा फड. सकाळची वेळ. माझे वडील दोन्ही कान धरून उठाबशा काढतायत. गाडी भरायला उशिरा उठले म्हणून. मुकादम हसत हसत मोठ्यानं आकडे मोजतोय. टोळीतली माणसं उभी आहेत, दोघं-तिघं हसतायतही. एका बाजूला आई मोळी बांधतेय. ती मान वर करत नाही. एकच मोळी ती पुन्हा सोडते आणि पुन्हा बांधते.

मी तो पूर्ण पाहिला नाही.

मी परत गोठ्यात गेले, तेव्हा भावानं तुटक तुटक सांगितलं. हा व्हिडिओ मुकादमाच्या पोरानं शाळेत आणला होता. मधल्या सुट्टीत मोबाईल फिरायचा. कुणीतरी आकडे मोजायचं आणि बाकीची पोरं कान धरून बसायची-उठायची. भाऊ वर्गात आला की मोजणं सुरू. त्यानं आधी हसून पाहिलं. मग सुट्टीत बाहेर जायचं सोडलं. मग एक दिवस मुकादमाचा पोरगा त्याच्या बाकापाशी येऊन म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, अजून वीस राह्यल्यात." तेव्हा हा उठला, दप्तरात हात घातला आणि ते वाक्य बोलला. कोयता बाहेर आला नाही. पोरांनीच त्याचा हात धरला आणि आरडाओरड झाली.

म्हणजे गावानं हे पाहिलं होतं. आप्पांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, की एका-दोघा सरांनीही पाहिलं होतं. एका मोठ्या माणसाला भर फडात कान धरायला लावलं, त्याचं चित्रीकरण झालं, ते वाटलं गेलं, आणि त्यात कुणालाच हिंसा दिसली नाही. हिंसा दिसली ती पोराच्या एका वाक्यात. मला तेव्हा जो राग आला, तसा त्याआधी कधी आला नव्हता, आणि लिहिताना तो कमी झालाय असंही नाही.

पण एक गोष्ट रागाच्या भरात गाळून टाकायची नाही, असं मी ठरवलंय. मी त्याला विचारलं, "पोरांनी धरलं नसतं, तर मारलं असतंस?"

माझी अपेक्षा होती की तो नाही म्हणेल. किंवा चिडून हो म्हणेल. त्यानं विचार केला. हातातलं ताट खाली ठेवलं.

"म्हाईत न्हाई, ताय," तो म्हणाला. "हात आत गेल्ता. मूठ गावली हुती. फुडं काय झालं असतं, म्हाईत न्हाई."

मी घाबरले. माझा भाऊ गरीब गाय आहे, त्याच्यावर अन्याय झाला, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण तसं नव्हतं. धोका होता. तो खरा होता, आणि त्याला स्वतःला तो कळला होता. चौदा वर्षांच्या पोरानं इतकं खरं उत्तर दिलं, आणि शाळेतल्या एकाही माणसानं त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. विचारायचा वेळच कुणाकडे नव्हता, दाखला लिहायला मात्र होता.

त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं, की दाखला हातात आला तर पुढं काय होणार. जवळ दुसरी शाळा नाही. वर्षाच्या मध्ये कोण घेणार? आप्पा म्हणालेच होते, "मग धाडून देऊ सोनईला." म्हणजे तो फडात जाणार. आपला छोटा कोयता घेऊन. त्याच मुकादमासमोर.

सकाळी मी त्याच्याबरोबर शाळेत गेले. त्याला बाहेर बाकड्यावर बसवलं. आत मुख्याध्यापक होते, त्याच्या वर्गाच्या बाई होत्या, आणि शाळा समितीवरचे एक गृहस्थ होते. ते मुकादमाचे थोरले भाऊ. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता होता. एक टोक बाहेर आलेलं.

"बस," सर म्हणाले. "वडील?"

"तोडीला आहेत, सर."

"तेच तर. आई-बाप वर्षातले सहा महिने बाहेर, पोरांना वळण लावणार कोण? लहानपणापासून हातात कोयता. असं वागणं यांच्या रक्तातच येतं."

मी तोंड उघडणार, तोच समितीचे गृहस्थ हसून म्हणाले, "पोरी, तुझ्या भावाचं मन नसंल शाळंत, तर लावून दे तिकडं. अर्धा कोयता म्हनून धरून घिऊ. चार पैसं तरी येतील." नवरा-बायकोची जोडी म्हणजे टोळीत एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा. माझ्या भावाचं मोलही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"सर," मी म्हणाले, "त्यानं ते का म्हटलं, कुणी विचारलं का?"

"का म्हटलं म्हणजे? धमकी ती धमकी. दप्तरात हत्यार. उद्या काही झालं, तर पेपरात फोटो कुणाचा येणार? तुझा का माझा?"

"तो रोज गवत कापतो, सर. कोयता आधीपासून दप्तरात असतो. तेव्हा धोका नव्हता. मग मध्ये काय झालं?"

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई टेबलाकडे बघत होत्या.

"तो व्हिडिओ," मी म्हणाले.

"ते शाळेच्या बाहेरचं आहे," सर लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की त्यांनीही तो पाहिलाय हे मला कळलं.

"बाहेरचं कसं? वर्गात मोजत होते."

"चेष्टा करतात गं पोरं," समितीचे गृहस्थ म्हणाले. "त्याचा काय येवढा बाऊ! आमी न्हाई का मास्तरचा मार खाल्ला? कान धरलं, उठाबशा काढल्या. कुनाला तोडाय निघालो का?"

"तुमच्या पोरांसमोर काढल्या होत्या का?" मी विचारलं.

हे मी कसं बोलले, मला माहीत नाही. मग ते म्हणाले, "आयला! कालेजात हेच शिकवत्यात व्हय? वकीलच झाली की ही." पण हसले नाहीत.

रडू येईल असं वाटत होतं, आणि रडले तर संपलं, हेही कळत होतं. मी टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे बघत बोलले. "सर, माझा भाऊ धोक्याचा नाही असं मी म्हणत नाही. मी त्याला विचारलंय. मारलं असतं की नाही, त्याला स्वतःला माहीत नाही. म्हणूनच म्हणते. आज तुम्ही दाखला दिलात, तर परवा तो सोनईला असेल. तिथं त्याच्या हातात हाच कोयता दिवसभर असेल, आणि ज्यांनी त्याच्या वडिलांना कान धरायला लावले, ते त्याच्यासमोर उभे असतील. तिथं त्याचा हात धरायला वर्गातली पोरं नसतील. तुम्ही धोका कमी करताय का तिकडं पाठवताय, तेवढं सांगा."

समितीच्या गृहस्थांचा चेहरा बदलला. तोवर त्यांच्या लेखी हे एका पोराचं प्रकरण होतं. आता त्यात त्यांचा धाकटा भाऊ आला होता. ते हळूच म्हणाले, "सर, तिकडं नगं धाडायला. ऱ्हाऊ द्या हितंच."

मला याचाही राग येतो. पोराचं शिक्षण, त्याची लाज, त्याची रिकामी मधली सुट्टी, यातल्या कशानं ते हलले नाहीत. आपल्या माणसाच्या मानेचा विचार आला, तेव्हा हलले.

मग बाई पहिल्यांदा बोलल्या. "तो बरेच दिवस सुट्टीत बाहेर जात नव्हता, सर. मी बघत होते. आजारी असेल म्हटलं." पुढं म्हणाल्या, "सकाळी आल्यावर त्यानं आधी माझ्याकडे यावं. मी बोलत जाईन त्याच्याशी."

मी धीर करून बाकीचंही सांगितलं. कोयता शाळेत येणार नाही, गवताचं आप्पा बघतील. वर्गात मोबाईल नको. मी दर शनिवारी येईन. आणि मुकादमाच्या मुलाशीही कुणीतरी बोलावं, रागावून नाही, नीट बसवून. कारण त्यालाही कुणीतरी दाखवलंय की मोठ्या माणसाला कान धरायला लावायचं आणि हसायचं. मला त्याचा राग होता, पण तोही चौदा वर्षांचाच आहे, पहिलीपासून भावाच्या बॅटनं खेळलेला. आज तो मोजतोय. मोठा झाल्यावर त्याच्या हाताखाली टोळी असेल. धोका पाहायचाच, तर तिथंही पाहायला हवा.

"त्याचं आमी घरात बघू," गृहस्थ म्हणाले. सरांनी कोरा कागद पुढं ओढला.

वार्षिक परीक्षेपर्यंत भावाला बसू द्यायचं ठरलं. पहिल्या बाकावर, एकट्यानं. पुन्हा असं काही घडल्यास शाळा जबाबदार नाही, अशी हमी लिहून घेतली. ती फक्त माझ्याकडून. व्हिडिओ फिरवणाऱ्याकडून काही नाही, काढणाऱ्याकडून तर नाहीच. पेन हातात धरून मी क्षणभर थांबले. मग सही केली, कारण बाहेर बाकड्यावर तो बसला होता.

"ठेवलं," मी बाहेर येऊन सांगितलं.

"एकट्याला बसवनार?"

"हो."

"बरंय," तो म्हणाला. "मागं कोन कान धरतंय, ते तरी दिसनार न्हाई." आणि वर्गाकडे चालायला लागला. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते ठरेना.

दुपारी वडिलांचा फोन आला. आप्पांनी त्यांना शाळेचं कळवलं होतं. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"त्याला हिकडं आनू नगा," वडील म्हणाले. "काय बी करा, पन हिकडं नगं."

"नाही येणार. शाळेत ठेवलंय."

"ब्येस झालं." मग बराच वेळ नुसता ट्रॅक्टर. फोन कट झाला असं वाटलं. "त्यानं बघितलं का गं ते?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"मंग तूबी बघितलं आसंल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "त्या दिशी अंगात ताप हुता माझ्या. त्याला सांग. आळस न्हाई केला म्हनावं."

पन्नाशीकडे आलेला माणूस आपल्या पोराला स्पष्टीकरण पाठवत होता. ज्यानं मोजलं, त्याच्याकडून कुणी अजून एक शब्द मागितलेला नाही.

कोयता सरांनी माझ्या ताब्यात दिला होता. आप्पा म्हणाले, ठेव इथंच, गायीला लागतो. मी ठेवला नाही. वडिलांकडेही पाठवायचा नव्हता. वर्तमानपत्रावर ओढणी गुंडाळली आणि पुस्तकांच्या खाली बॅगेत घातला. एसटीत बॅग मांडीवर होती. शेजारच्या मावशी जागेसाठी तिच्यावर रेलून बसल्या, गावाकडची विचारपूस केली, मला अर्धी भाकरी दिली. होस्टेलच्या गेटवर रखवालदारानं माझ्या गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र बघितलं आणि "या ताई" म्हणाला. पुस्तकांच्या बॅगेत कोयता घेऊन मी खोलीत गेले. मला कुणी काही विचारलं नाही. दप्तर माझ्या भावाचंच उघडलं जातं.

त्यानंतर मी शनिवारी जाते. आप्पांनी गवतासाठी कुरकुर न करता स्वतः बांधावर जायला सुरुवात केलीय. बाई त्याच्याशी रोज बोलतात असं नाही, पण तो रोज त्यांच्यासमोर जाऊन उभा राहतो. मोजणं कमी झालंय. थांबलंय असं तो म्हणत नाही, आणि मीही त्याच्या तोंडून ते वदवून घेत नाही. दर वेळी तोच प्रश्न विचारते, हात आत जावासा वाटला का? कधी तो नाही म्हणतो. एकदा म्हणाला, "वाटलं, पन दप्तरात पुस्तकंच हुती." आणि आम्ही दोघं हसलो.

गेल्या शनिवारी मी निघताना तो स्टँडपर्यंत आला. एसटी दिसल्यावर म्हणाला, "ताय, माझा कोयता हाय का तुझ्यापाशी?"

"आहे."

"तेल लावत जा. गंजंल."

"गंजू दे," मी म्हणाले.

माझी बॅग उचलून त्यानं वर चढवून दिली.